काडीला मायकोरायझा चोळून मुळ्या फुटत नाहीत

द्राक्षाच्या खुंटासाठी डॉगरिज या जातीच्या काड्या पिशव्यांत लावायच्या दिवसांत तासगाव-मिरज पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: "काड्या मायकोरायझात बुडवल्या, तरी निम्म्या वाळल्या. पावडर बोगस असणार." मायकोरायझा म्हणजे मुळांशी जोडून जगणारी बुरशी. तिची पावडर चांगलीही असेल, पण काडीला मुळ्या फोडायचं काम तिचं नव्हतंच.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी तुम्हाला माहीत आहे. ओलसर शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली ठेवला की वाढतो, रोग आणणाऱ्या बुरश्यांना खातो. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत देऊ नका, एवढंच.

मायकोरायझाही बुरशीच, म्हणून त्याला तसंच वागवतात आणि इथंच घोळ होतो. ट्रायकोडर्मा कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगतो. मायकोरायझाला मात्र जिवंत मूळच लागतं. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी दिलेल्या या नावाचा अर्थच 'बुरशी-मूळ'. द्राक्षाच्या मुळात ती पेशींच्या आत शिरते, साखर आणि स्निग्ध पदार्थ वेलीकडून घेते. बदल्यात तिचे धागे मुळीच्या केसांपलीकडच्या मातीतून स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात. मूळ मिळालं नाही तर बीजाणूतून निघालेला धागा थोडा वाढून थांबतो. नुसत्या काडीला मूळच नसतं. मग तो शिरणार कशात?

म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतं ते ड्रममधलं 'मल्टिप्लिकेशन'. दोनशे लिटर पाणी, गूळ, बेसन, त्यात मायकोरायझाचं पाकीट आणि आठ दिवस ढवळणं. त्या ड्रममध्ये दुसरे जिवाणू-बुरश्या वाढतात, मायकोरायझा वाढत नाही. तो वाढवणारेसुद्धा कुंडीत मका किंवा गवत लावून त्याच्या मुळांवरच वाढवतात. गूळही गेला, पाकीटही गेलं.

काडीला मुळ्या फोडायचं काम आयबीए या संप्रेरकाचं, आणि त्याहून जास्त काडीच्या पक्वतेचं. हिरवट, पेन्सिलीपेक्षा बारीक काडी मी घेतच नाही. पिशवीच्या मातीत आधी ट्रायकोडर्मा घालावा. मायकोरायझा पांढऱ्या मुळ्या दिसल्यावर, नाहीतर सरळ खड्ड्यात रोप लावताना, मुळांना चिकटेल असा द्यावा. आणि लगेच मागून फॉस्फरिक ॲसिड सोडू नये. स्फुरद आयतं मिळालं की वेल त्या बुरशीला फारसं जवळ करत नाही.

कोबी, फ्लॉवर, पालक, बीट यांच्या मुळांशी तिचं जमतच नाही. तिथं पैसे घालवू नका. डाळिंबाला, हळदीला मात्र जरूर द्या.