पित्त झालंय म्हणजे नक्की कुठलं? ॲसिडिटी आणि पीबीसी यातला फरक

आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, आंबट ढेकर आले तरी पित्त, आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. माझ्या मावशीची दोन वर्षं या एका शब्दापायी गेली. जळजळ आणि खाज दोन्हीला ती "पित्त झालंय गं" एवढंच म्हणायची, मग आम्ही प्यायला थंड दूध द्यायचो आणि अंगाला आमसुलाचं पाणी लावायचो. शेवटी रक्त तपासलं तर अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं, मग एएमए टेस्ट (पीबीसीत सापडणारी अँटीबॉडी शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह, आणि निदान झालं प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी, लिव्हरमधल्या पित्तनलिकांचा आजार. जळजळसुद्धा खरीच होती, पण ती वेगळी, ॲसिड रिफ्लक्सची.

जळजळ करतं ते पोटातलं ॲसिड. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथला स्नायू सैल पडला की ते वर येतं, म्हणून जेवून लगेच आडवं झालं किंवा खाली वाकलं की जास्त त्रास होतो. खरं पित्त म्हणजे लिव्हरमध्ये तयार होणारा हिरवट पिवळा रस, रोज साधारण अर्धा ते एक लिटर, तो तेलतूप पचवायला लागतो आणि ॲसिडच्या उलट अल्कधर्मी असतो. पीबीसीत आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांवर हल्ला करते, पित्त आतच तुंबतं आणि लिव्हर हळूहळू खराब होत जातं. हा आजार जास्त करून चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना होतो. पूर्वी याच्या नावात सिरोसिस (म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) होतं, ते 2015 मध्ये बदललं कारण बऱ्याच पेशंटना सिरोसिस झालेलाच नसतो.

खाजेतला फरक मात्र नीट बघा. ॲलर्जीच्या पित्तात गांधी उठतात आणि काही तासांत बसतात. पीबीसीच्या खाजेत आधी अंगावर काहीच दिसत नाही, दिसतात ते खाजवल्याचे ओरखडे, आणि तळहात तळपाय रात्री इतके खाजतात की झोप लागत नाही. सोबत न जाणारा थकवा. मावशी भाजी निवडतानासुद्धा दमून बसायची आणि आम्ही म्हणायचो वय झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग दोन्ही एकाच माणसाला का होतं? कधी नुसता योगायोग, रिफ्लक्स काय कोणालाही होतो. पण पीबीसीसोबत काही जणांना शोग्रेन किंवा स्क्लेरोडर्मा (यात कातडी कडक होते) हे दुसरे ऑटोइम्यून, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटण्याचे, आजार पण असतात. शोग्रेनमध्ये तोंड कोरडं पडतं, लाळ कमी, म्हणजे वर आलेलं ॲसिड धुवायला काही नाही. स्क्लेरोडर्मात अन्ननलिकेची हालचालच मंदावते. म्हणून डोळे तोंड कोरडं पडतंय का, थंडीत बोटं पांढरी पडतात का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

औषधांचा घोळ तर वेगळाच. पीबीसीची मुख्य गोळी यूडीसीए (अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड), वजनाच्या दर किलोला रोज 13 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला 800-900 मिलिग्रॅम. ती जळजळीवर चालत नाही, आणि पॅन्टोप्राझोल या ॲसिड कमी करणाऱ्या गोळीने पीबीसी हलत नाही. ॲल्युमिनियमवालं अँटासिड जेल यूडीसीएबरोबर घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही, आणि खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पावडर चालू असेल तर ती आणि यूडीसीए यांत चार तासांचं अंतर लागतं. पीबीसीत हाडं ठिसूळ होतात म्हणून अलेन्ड्रोनेट देतात, ती गोळी अन्ननलिकेला चिकटली तर जखम करते, त्यामुळे रिफ्लक्स असेल तर ते आधी सांगायलाच हवं.

आणि प्लीज, पित्तावर म्हणून गुळवेलीचा काढा सुरू करू नका. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या 6 पेशंटची नोंद केली, आणि ती इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने लिव्हरला सूज यावी तशी, दिसत होती.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. सिरोसिसपर्यंत गेलेल्या लिव्हरमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटू शकतात, फुटेपर्यंत त्या दुखत पण नाहीत. मावशीची एन्डोस्कोपी झाली तेव्हा आम्हाला याचीच धाकधूक होती, निघाली ती फक्त ॲसिडने आलेली लाली. आता ती डॉक्टरांकडे गेली की "जळजळ" आणि "खाज" असे दोन वेगळे शब्द वापरते.