‘नाइट’मधले जी आणि एच कुठे गेले?

इंग्रजी स्पेलिंग पाठ करताना जी-एच ही जोडी मुलांना फार छळते. नाइट, लाइट, डॉटर, एट, थॉट. अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत. ‘असंच असतं, पाठ कर’ हे उत्तर मला कधीच पटत नाही, कारण या जोडीमागे खरोखरचा एक आवाज होता.

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रात्रीला साधारण ‘निख्त’ म्हणत. यातला ‘ख’ आपला नव्हे. जीभ मागे नेऊन हवा घासत सोडली की येतो तो, उर्दूतल्या ‘ख़बर’च्या जवळचा. तेव्हा तो नुसत्या एचने लिहीत. 1066 नंतर नॉर्मन राजवट आली आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाताखाली त्या जागी हळूहळू जी-एच रुळले. मधल्या काळात 3 च्या आकड्यासारखं दिसणारं ‘योख’ नावाचं अक्षरही वापरात होतं. स्कॉटलंडच्या छापखान्यांत त्याचा खिळा नसे, म्हणून झेड लावत. मेन्झिस असं लिहिलेलं आडनाव तिथे आजही ‘मिंगिस’ असं उच्चारलं जातं, ते त्यामुळेच.

या जी-एच-टीच्या घराण्यात काही फार देखणे शब्द वापरातून गेले. ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री, अर्थात आठवडा. त्याचा भाऊ ‘फोर्टनाइट’, चौदा रात्रींचा पंधरवडा, अजून टिकून आहे. इंग्रजी ज्यांच्या बोलींतून घडली त्या जर्मानिक टोळ्या दिवस नव्हे तर रात्री मोजतात, असं रोमन इतिहासकार टॅसिटस याने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं होतं. ‘वाइट’ (wight) म्हणजे जीव, प्राणी, माणूस. ‘डाइट’ (dight) म्हणजे सजवलेला, नटवलेला. मिल्टनच्या कवितेत तो भेटतो. आणि ‘हाइट’ (hight) म्हणजे ‘असं नाव असलेला’. एवढा अर्थ एकाच शब्दात मावणारं क्रियापद आजच्या इंग्रजीकडे नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. सरदार या अर्थाचा के-ने सुरू होणारा ‘नाइट’ एके काळी ‘क्निख्त’ होता आणि त्याचा अर्थ होता पोरगा, चाकर. जर्मनमध्ये ‘क्नेख्त’ अजूनही नोकरच आहे. इंग्लंडात तो घोड्यावर बसला आणि मानकरी झाला.

पुढे, साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत, हा घासता आवाज प्रमाण इंग्रजीतून गेला. ‘नाइट’मध्ये तो नाहीसा होताना आधीच्या स्वराला लांबवून गेला. लाफ, कफ, रफ, इनफ यांमध्ये मात्र तो ओठांकडे सरकून ‘फ’ झाला. स्कॉटलंडच्या बोलीत तो जिवंत आहे. लख्ख चांदण्या रात्रीला तिथे ‘ब्रॉ ब्रिख्त मूनलिख्त निख्त’ म्हणतात. पण विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा हा आवाज पुष्कळांच्या तोंडी होता. छापलेलं स्पेलिंग स्थिरावत गेलं, बोलणं पुढे निघून गेलं. मग नक्कलही सुरू झाली. ‘डिलाइट’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्यात जी-एच कधीच नव्हते. ‘लाइट’ची अक्षरं बघून ते त्यात घातले गेले.

या आवाजाची मुळं आपल्या भाषांपर्यंत पोचतात. संस्कृत ‘नक्त’ म्हणजे रात्र. एकभुक्त-नक्त करणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. त्यातल्या ‘क’च्या जागी जर्मानिक भाषांत हा घासता आवाज येतो. अशा बदलांची नियमबद्ध मांडणी जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये केली. ‘अष्ट’ आणि ‘एट’, ‘दुहिता’ आणि ‘डॉटर’ हीसुद्धा एकाच मुळाची लेकरं.

आणि आपल्याकडेही असंच घडलं. ‘अष्ट’चं प्राकृतात ‘अट्ठ’ झालं आणि मराठीत ‘आठ’: व्यंजन गळलं, आधीचा स्वर लांबला. ‘भक्त’ म्हणजे शिजवलेलं अन्न, त्याचं ‘भत्त’, मग ‘भात’. ‘सप्त’चं ‘सात’. ‘दुहिता’ तर प्राकृतातून इतकी झिजली की कोकणीत ‘धूव’ एवढीच उरली. गोव्यात लेकीला आजही धूवच म्हणतात. फरक लिहिण्यात आहे. आपण ‘आठ’ जसा बोलतो तसा लिहायला लागलो, तर इंग्रजांनी ‘एट’मध्ये जी-एच तसेच ठेवले.