जंपसीट आणि केबिन क्रूचा प्रवास

जंपसीट : विमानातील कर्मचाऱ्यांसाठीचे घडीचे आसन. नाव जुने आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घोडागाड्यांमध्ये हलवता येणारी जी बैठक असे, तिच्यावरून ते आले. विमानात जंपसीट दोन ठिकाणी असते. एक कॉकपिटमध्ये, दोन्ही वैमानिकांच्या मागे. तिला निरीक्षकाचे आसन किंवा ऑब्झर्व्हर सीट म्हणतात. दुसरी केबिनमध्ये, दाराला लागून. उड्डाण आणि लँडिंगच्या वेळी केबिन क्रू तिथे बसतो. दोन्हींना नाव एकच असले, तरी त्यांचे नियम, धोके आणि हक्कदार वेगळे आहेत. ड्यूटीवर नसलेल्या केबिन क्रूला जंपसीटवर बसून प्रवास करू द्यावा का, या वादातला बराच गोंधळ ही दोन आसने एकच समजल्याने होतो.

मुंबईत हा प्रश्न कागदी नाही. सहार, मरोळ, चकाला, कलिना, विलेपार्ले या पट्ट्यात तिघी-चौघी मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा केबिन क्रू मोठा आहे आणि त्यांतल्या अनेकांचे घर नागपूर, गोवा, दिल्ली किंवा कोलकात्याला असते. दोन दिवसांची सुटी मिळाली की सवलतीच्या स्टाफ तिकिटावर घर गाठायचे. हे तिकीट ‘सबलोड’ असते, म्हणजे सीट उरली तरच मिळणार. शुक्रवारी संध्याकाळी, गणपतीच्या आदल्या दिवशी किंवा दिवाळीत सीट उरत नाही. विमान सुटायला वीस मिनिटे असताना काउंटरवर ‘लोड फुल आहे’ असे ऐकायला मिळते आणि त्याच विमानात पुढच्या दाराशी एक जंपसीट मिटलेली, मोकळी असते. मागणी तिथून सुरू होते.

रचना : केबिनमधली जंपसीट दिसते साधी, पण तिच्यावर लागू होणाऱ्या अटी प्रवाशांच्या आसनाहून जास्त आहेत. ती केबिनच्या फरशीच्या पातळीवरच्या आपत्कालीन दाराजवळ असावी लागते. तिचे तोंड विमानाच्या पुढच्या किंवा मागच्या दिशेला असते. पाठ, खांदे, डोके आणि मणका यांना आघात शोषणारा आधार लागतो. कमरेचा पट्टा आणि दोन्ही खांद्यांवरचे पट्टे एकाच बकलात येऊन मिळतात आणि त्या एकाच बकलाने सुटतात. वापरात नसताना तिने वाट किंवा दार अडवता कामा नये, म्हणून ती स्वतःहून मिटली पाहिजे. आधुनिक विमानांची आसने पुढच्या दिशेने १६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट) आणि खालच्या दिशेने १४ जी इतक्या धक्क्याच्या चाचणीतून जातात. त्या चाचणीतला पुतळा सुमारे ७७ किलोंचा असतो. आसनापाशी इंटरफोनचा हँडसेट, टॉर्च, क्रूचे लाइफ जॅकेट आणि ऑक्सिजन मास्क हाताशी येतील असे ठेवलेले असतात.

बसण्याआधीची तपासणी अर्ध्या मिनिटाची असते, आणि ती बसणाऱ्यानेच करायची. पाट खाली ओढून सोडायचा. तो खाडकन वर गेला पाहिजे. हळूहळू, अर्ध्यातच अडखळत जात असेल तर स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा बिजागरीत काहीतरी अडकले आहे. खांद्याचा पट्टा सावकाश ओढला की सुटत यावा, झटक्याने ओढला की जागीच अडकावा. अडकत नसेल तर रील बिघडले. बकल फिरवून चारही टोके एकदम सुटतात का ते पाहायचे. गॅलीशेजारच्या, म्हणजे विमानातल्या खाद्यपेयांच्या जागेजवळच्या, आसनांच्या बकलात सांडलेली कॉफी आणि साखर जाऊन ते चिकटते, ही नेहमीची तक्रार आहे. पट्ट्याच्या कडा उसवल्या असतील किंवा डोक्यामागची गादी सुटून लोंबत असेल तर केबिन लॉगबुकमध्ये नोंद करून इंजिनिअरला बोलवायचे.

दुखापत मात्र बिघडलेल्याच नव्हे, चांगल्या चालणाऱ्या जंपसीटमुळेही होते. बसलेली व्यक्ती काहीतरी घ्यायला किंचित उठते, तेवढ्यात पाट मिटतो आणि ती परत बसायला जाते ती थेट जमिनीवर. माकडहाडाला बसलेला तो मार महिनोन् महिने दुखत राहतो. म्हणून नव्या क्रूला पहिल्याच दिवशी सांगतात : बसताना एक हात पाटावर, आणि पाट मांडीला लागल्याशिवाय वजन टाकायचे नाही.

पाट आपोआप मिटत नसेल तर ती जंपसीट नादुरुस्तच धरली जाते. ती मिटवून बांधून ठेवतात, तिच्यावर कोणी बसत नाही, आणि तिथल्या क्रूला दाराजवळच्या प्रवासी आसनावर हलवून त्या आसनावर ‘फक्त क्रूसाठी’ अशी पाटी लावतात. भरलेल्या विमानात याचा अर्थ एक विकलेले तिकीट कमी.

मोकळी जंपसीट कोठून येते : नियम प्रवासी आसनांच्या संख्येवर चालतो, प्रत्यक्ष बसलेल्या माणसांवर नाही. ५० आसनांमागे किमान एक क्रू. त्यामुळे ७८ आसनांच्या एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाला दोन, १८० किंवा १८६ आसनांच्या ए३२० ला चार, २३२ आसनांच्या ए३२१ ला पाच. विमान बांधताना मात्र कंपनी याहून एक-दोन जंपसीट जास्त बसवून घेऊ शकते; प्रशिक्षणार्थी, तपासनीस किंवा डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) निरीक्षक यांच्यासाठी त्या लागतात. कोणी नसेल तेव्हा त्या मोकळ्या राहतात. वाद आहे तो याच जादा आसनांचा. किमान क्रूच्या जंपसीटवर दुसऱ्या कोणाला बसवणे हा चर्चेचाही विषय होऊ शकत नाही.

आणि इथेच नोंदवण्यासारखी मुख्य गोष्ट आहे. मोकळी जंपसीट ही उरलेली सीट नाही, ती दाराची चौकी आहे. तिथे बसलेली व्यक्ती दाराच्या हँडलपासून हातभर अंतरावर असते. उड्डाणानंतरची तीन आणि लँडिंगपूर्वीची आठ मिनिटे सर्वाधिक धोक्याची मानली जातात. त्या वेळी क्रू गप्प बसून मनात उजळणी करतो : दार कोणते, स्लाइड आर्म आहे का (म्हणजे दार उघडताच बाहेर पडायची घसरगुंडी फुगेल अशी जोडलेली आहे का), बाहेर आग किंवा पाणी दिसले तर काय, दार उघडलेच नाही तर प्रवाशांना कुठे वळवायचे, मदतीला कोणता धडधाकट प्रवासी. विमानाला मान्यता मिळवताना निम्म्या दारांनी सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागतात. त्या नव्वद सेकंदांत दारापाशी जो बसला आहे तो एकतर मदत करतो नाहीतर वाट अडवतो.

म्हणून प्रवाशाला, कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला किंवा ऑफिसातल्या स्टाफला केबिनच्या जंपसीटवर बसवू नये. केबिन क्रूला बसू द्यावे, पण तो त्या प्रकारच्या विमानावर प्रशिक्षित आणि चालू पात्रतेचा असेल तरच. एटीआरवर काम करणाऱ्या मुलीला ए३२१ चे दार माहीत असेलच असे नाही. हँडलची दिशा, आर्मिंगची पद्धत, स्लाइड फुगवायची लाल मूठ कुठे आहे, सगळे बदलते. ब्रेस पोझिशनही, म्हणजे धक्क्याआधी अंग सावरून बसायची पद्धतही, आसनाच्या तोंडावर ठरते. तोंड विमानाच्या मागे असेल तर डोके गादीला घट्ट टेकवायचे. तोंड पुढे असेल तर हनुवटी छातीला लावायची. हे उलटे झाले तर मान मोडू शकते.

परवानगीची वाट : शेवटचा शब्द कॅप्टनचा, म्हणजे पायलट-इन-कमांडचा असतो. पण त्याच्या होकाराआधी कागद पुरे व्हावे लागतात आणि चूक बहुधा इथेच होते. जंपसीटवरच्या व्यक्तीचे नाव जनरल डिक्लरेशनवर, म्हणजे उड्डाणातल्या क्रूची नावे असलेल्या ‘जीडी’ या कागदावर, जादा क्रू म्हणून यायला हवे. लोडशीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या तक्त्यावर, क्रू २/४ (दोन वैमानिक, चार केबिन क्रू) लिहिला असेल तर तो २/५ करावा लागतो. प्रौढ प्रवाशाचे प्रमाण वजन ७५ किलो धरतात. तेवढेच वजन शेपटाकडच्या जंपसीटवर ठेवले तर विमानाचा तोल दर्शवणारा इंडेक्स मधल्या रांगेतल्या वजनापेक्षा जास्त सरकतो. ए३२० ला त्याने फरक थोडाच पडतो. खरा घोळ संख्येचा असतो. आपत्ती ओढवली तर कॅप्टन एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला) विमानात एकूण माणसे किती ते सांगतो आणि अग्निशमन दल तेवढी माणसे शोधते. दार लावता लावता ‘ये, बस मागे’ म्हणून घेतलेली व्यक्ती कागदावर नसेल, तर बाहेर मोजणी एकाने कमी होते आणि तिला शोधायला आत कोणी जात नाही. दोन मिनिटांच्या उपकाराची ही किंमत फार मोठी आहे.

जंपसीटवरची व्यक्ती गणवेशात नसली तरी क्रू म्हणूनच वागते : मद्य नाही, झोप नाही, कानात इअरफोन नाही. भारतात ड्यूटीवरच्या क्रूला उड्डाणापूर्वीचे १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि श्वासचाचणी होते. दाराशी बसणाऱ्याला वेगळा न्याय लावायला काहीच आधार नाही. आदल्या रात्री लग्नाची पार्टी झाली असेल तर सरळ सबलोडची वाट पाहावी.

कॉकपिटची जंपसीट : इथे उत्तर वेगळे आहे, आणि ते ‘नाही’ असेच असायला हवे. ७ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेत फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या मेम्फिसहून निघालेल्या मालवाहू विमानात, जंपसीटवरून प्रवासाला आलेल्या कंपनीच्याच कर्मचाऱ्याने हातोड्यांनी तिघा विमान-कर्मचाऱ्यांवर हल्ला केला. जखमी अवस्थेत त्यांनी विमान परत उतरवले. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेत एव्हरेट ते सॅन फ्रान्सिस्को उड्डाणात कॉकपिटच्या जंपसीटवरच्या, ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकाने इंजिनांना आग लागल्यास ती बंद करण्यासाठीच्या मुठी ओढायचा प्रयत्न केला. दोघेही ओळखपत्रधारक होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारे मजबूत झाली आणि अमेरिकेत जंपसीट मागणाऱ्या वैमानिकाची ओळख संगणकीय यंत्रणेतून तपासली जाऊ लागली.

भारतातले उदाहरण २७ फेब्रुवारी २०२३ चे आहे. दुबई-दिल्ली उड्डाणात कॅप्टनने प्रवासी म्हणून आलेल्या एका सहकारी कर्मचारी महिलेला कॉकपिटमध्ये बोलावले. डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला आणि कॅप्टनचे लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झाले. ‘आपल्याच कंपनीची आहे’ हे कारण चालले नाही, आणि ते योग्यच झाले.

ड्यूटीवरच्या केबिन क्रूने कॉकपिटमध्ये थांबण्याचा एक प्रसंग मात्र आवश्यक आहे : एक वैमानिक टॉयलेटला जातो तेव्हा. मे २०१० मध्ये दुबई-पुणे उड्डाणात कॅप्टन बाहेर असताना सहवैमानिकाकडून आसन पुढे सरकवताना कंट्रोल कॉलम, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करायचा दांडा, दाबला गेला आणि विमान सुमारे ७,००० फूट खाली आले. घाबरलेल्या सहवैमानिकाला दार उघडता येईना, कॅप्टन आपत्कालीन कोड टाकून आत शिरला. आत आणखी कोणी असते तर निदान दार लगेच उघडले असते. अशा वेळी क्रूने उभे राहावे किंवा निरीक्षकाच्या आसनावर बसावे; वैमानिकाच्या रिकाम्या खुर्चीवर कधीच बसू नये.

थकवा : जंपसीट ताठ, अरुंद आणि कडक असते. नागपूरपर्यंतचा दीड तास ठीक. दिल्लीचे दोन-सव्वादोन तास पाठीला जाणवतात. दुबईचे तीन तास बसून लगेच ड्यूटी करणे म्हणजे शिक्षा. कंपनीच्या सांगण्यावरून दुसऱ्या शहरात ड्यूटीसाठी जाणे हे ‘पोझिशनिंग’. डीजीसीएच्या नियमांनुसार तो वेळ ड्यूटीच्या तासांत धरला जातो. अशा क्रूला प्रवाशाची सीटच द्यायला हवी. तिकीट विकता यावे म्हणून त्याला जंपसीटवर पाठवणे ही काटकसर त्याच्या पुढच्या उड्डाणातल्या प्रवाशांच्या सुरक्षिततेतून वसूल होते.

स्वतःच्या सोयीने येणाऱ्यांचे तास मात्र कुठल्याच कागदावर येत नाहीत. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून प्रवास करून नेवार्कला ड्यूटीवर पोहोचली होती. म्हणून सुटी संपवून परतताना जंपसीट घ्यायची असेल, तर ती ड्यूटीच्या आदल्या दिवशीची घ्यावी आणि मधे पूर्ण रात्रीची झोप असावी. पहाटे चारच्या रिपोर्टिंगसाठी रात्री साडेअकराच्या विमानाने मुंबईत उतरणाऱ्याला कॅप्टनने जंपसीट नाकारली तरी तक्रार करू नये. जुलैच्या मुसळधार पावसात तर हा हिशेब आणखी सैल ठेवावा लागतो; विमान तासभर घिरट्या घालून अहमदाबादला वळले, की रात्र तिथेच जाते.