काळपुळी : त्वचेवरील लक्षणे

काळपुळी अथवा अँथ्रॅक्स हा गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या अशा तृणभक्षक प्राण्यांचा व त्यांच्यापासून माणसाला लागणारा रोग असून तो बॅसिलस अँथ्रॅसिस या दंडाकार जिवाणूमुळे होतो. जनावरांतील या रोगाला फाशी असेही म्हणतात. माणसांत आढळणाऱ्या रोग्यांपैकी सुमारे ९५ टक्के रोग्यांत तो त्वचेवर प्रकट होतो.

मेलेले जनावर सोलताना, त्याचे मांस कापताना किंवा कातडी व लोकर हाताळताना जिवाणूचे बीजाणू (त्याचे सुप्त, टिकाऊ रूप) खरचटलेल्या त्वचेतून आत शिरतात. म्हणून पुळी बहुधा हात, मान किंवा चेहरा अशा उघड्या भागांवर येते. साधारणपणे १ ते ७ दिवसांत तेथे किडा चावल्यासारखी, खाज सुटणारी पुटकुळी उठते. एकदोन दिवसांत तिचा पाणीदार फोड होतो, कधी त्याच्याभोवती बारीक फोडांचे कडे उमटते, आणि फोड फुटल्यावर पडलेल्या व्रणावर १ ते ३ सेंमी. रुंदीची, मध्यभागी खोलगट, कोळशासारखी काळी खपली धरते. व्रणात सहसा पू होत नाही व तो दुखतही नाही. हे न दुखणेच फसवे, कारण ठणकणाऱ्या गळवाकडे जितके लक्ष जाते तितके याकडे जात नाही. सूज मात्र व्रणाच्या मानाने फारच मोठी असते. जिवाणूच्या विषामुळे भोवतालच्या ऊतकांत द्रव साठतो. पुळी पापणीजवळ असेल तर डोळा पूर्ण मिटतो, आणि मानेवरील सूज वाढल्यास श्वासमार्गावर दाब येऊ शकतो. जवळच्या लसीका ग्रंथी सुजणे, ताप व डोकेदुखी हीही लक्षणे आढळतात.

स्क्रब टायफस या माइट नावाच्या अतिशय बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाच्या रोगातही चाव्याच्या जागी न दुखणारी काळी खपली धरते. पण तेथे एवढी सूज नसते, शिवाय माइट बहुधा काख, जांघ अशा झाकलेल्या जागी चावतो. भारतात ओडिशातील कोरापुटसारख्या भागांत मेलेल्या गुरांचे मांस हाताळल्यानंतर काळपुळीचे रोगी आढळले आहेत. त्यामुळे पुळीइतकेच रोग्याने अलीकडे कोणते जनावर हाताळले, हे विचारणेही महत्त्वाचे ठरते.

उपचार न झाल्यास १० ते २० टक्के रोगी दगावतात. योग्य प्रतिजैविके दिल्यास हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. सिप्रोफ्लोक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन दिल्यावर व्रणातील जिवाणू लवकर नाहीसे होतात, तरी खपली धरण्याचा क्रम थांबत नाही. म्हणून ती अधिक काळी दिसू लागली तरी औषध निष्फळ ठरल्याचे समजू नये. पुळी कापणे तर टाळावेच. खपली सामान्यतः दोनतीन आठवड्यांत गळून पडते.