डोळ्याच्या आतला संसर्ग आणि जिवाणू फोडणारे विषाणू

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी आहे. पण ज्याला होतो, त्याची नजर काही दिवसांत कायमची जाऊ शकते. या आजाराचं नाव एन्डोफ्थाल्मायटिस. बहुतेकदा जंतू रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. तोंडावाटे घेतलेली बरीचशी औषधं डोळ्याच्या आत पुरेशी पोचत नाहीत, म्हणून व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही प्रतिजैविकं थेट डोळ्यातल्या जेलमध्ये टोचतात. व्हॅन्कोमायसिनचा डोस अवघा १ मिलिग्रॅम!

एन्टेरोकोकस फिकॅलिस हा जिवाणू मात्र फार त्रासदायक. तो विष सोडून दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा, जाळतो आणि त्याचे काही प्रकार व्हॅन्कोमायसिनलाही जुमानत नाहीत. इथे बॅक्टेरिओफाज, म्हणजे फक्त जिवाणूंवर जगणारे विषाणू, कामाचे वाटतात. फाज शेपटीच्या तंतूंनी नेमका आपला जिवाणू ओळखून त्याला चिकटतो आणि स्वतःचा डीएनए आत सोडतो. साधारण अर्ध्या-एक तासात आत डझनावारी नवे फाज तयार होतात. मग एन्डोलायसिन नावाचं विकर (एन्झाइम) जिवाणूची भिंत आतून विरघळवतं, पेशी फुटते आणि बाहेर पडलेले फाज पुढच्या जिवाणूंकडे वळतात. आपल्या पेशींना ते हात लावत नाहीत.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स द'हेरेल यांनी फाजना हे नाव दिलं १९१७ साली. डोळ्याच्या आतल्या संसर्गावरचे प्रयोग मात्र अलीकडचे. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या डोळ्यांत एन्टेरोकोकस सोडला आणि काही तासांनी फाज टोचले. जिवाणू घटले, सूज कमी झाली, दृष्टिपटलाचं कामही बऱ्यापैकी टिकलं. व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या प्रकारावरही हा उपाय चालला.

मला यात डोळ्याची रचना सर्वांत आशादायक वाटते. जागा लहान आणि बंदिस्त, त्यामुळे थोडेसे फाजही थेट जिवाणूंपर्यंत पोचतात. खरी अडचण वेळेची आहे. फाज इतका निवडक असतो की एकाच जातीच्या दोन जिवाणूंपैकी एकाला मारेल, दुसऱ्याला नाही. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागतात आणि दृष्टिपटलाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून अनेक फाजचं तयार मिश्रण हाताशी हवं, तेही अत्यंत शुद्ध, कारण त्यात उरलेले जिवाणूंचे तुकडेच डोळ्याला सूज आणू शकतात. दुसरी वाट म्हणजे फाज बाजूला ठेवून नुसतं एन्डोलायसिन टोचायचं. एन्टेरोकोकससारख्या जिवाणूंची भिंत ते बाहेरूनही फोडतं, आणि एका फाजच्या तुलनेत त्याचा मारा सहसा जास्त प्रकारांवर चालतो.