दुकानाचं अंतर आणि भाजीची पिशवी

चार माणसांच्या घरात महिन्याला भाजी आणि फळं मिळून किती यायला हवीत? जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम सांगते, आणि त्यात बटाटे धरत नाही. हिशेब केला की ४८ किलो होतात. मीठ माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे त्याच घराला महिन्याला ६०० ग्रॅम. साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे ३ किलो, आणि त्यातच बिस्किटं, सरबतं, मिठाई यांतली साखरही आली.

आता आपल्या घरची महिन्याची यादी आठवा. मिठाची एक किलोची पिशवी असतेच. तिच्यातलं थोडं मासळी धुण्यात जातं हे मान्य, पण लोणच्यातलं, खाऱ्या बांगड्यातलं आणि शेव-चिवड्यातलं मीठ त्या पिशवीतून आलेलं नसतं. ४८ किलो भाजी-फळांचा तर यादीत पत्ताच नसतो, कारण कांदे, बटाटे, लसूण सोडले तर गोव्यातल्या पोसऱ्यावर, म्हणजे जवळच्या किराणा दुकानात, भाजी फारशी मिळत नाही. ती आणायला दुसरीकडे जावं लागतं. जवळचं दुकान आणि घरातलं अन्न यांच्या संबंधाचा गुंता इथेच सुरू होतो.

गोव्यात हा प्रश्न विचारायला चांगलंच कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांमधल्या मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघालं, २६.४ टक्के. देशाचं प्रमाण ११.४ टक्के. याला कारणं अनेक आहेत. गोव्यात आयुर्मान जास्त, शहरीकरण जास्त, अंगमेहनत कमी. सगळं खापर पोसरेकाराच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं होईल. पण त्याच्या दारात माळेसारख्या लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांकडे काणाडोळाही करता येत नाही.

दुकानावरून आहार ठरतो ही कल्पना १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये जोर धरू लागली. गरीब वस्तीत ताजं अन्न विकणारं मोठं दुकान नसतं, म्हणून तिथले लोक डबाबंद आणि तळलेलं खातात, असा तिचा सारांश. अशा वस्त्यांना ‘अन्नाचं वाळवंट’ म्हटलं जाऊ लागलं. कल्पना इतकी पटण्यासारखी की सरकारं कामाला लागली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ मध्ये अशा वस्त्यांत दुकानं उघडायला पैसा दिला, २०१० च्या सुमाराला केंद्र सरकारनेही तोच मार्ग धरला.

मग दुकानं उघडली आणि मोजणी झाली. फिलाडेल्फियातल्या एका वस्तीत नवं सुपरमार्केट आलं तेव्हा संशोधकांनी तिथल्या रहिवाशांची आधी आणि नंतर पाहणी केली, आणि शेजारच्या तशाच वस्तीशी तुलना केली. २०१४ मध्ये आलेला निष्कर्ष असा: आपल्या भागात अन्न सहज मिळतं असं लोकांना आता वाटू लागलं होतं, पण फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण आणि वजन होतं तिथेच होतं.

याहून मोठा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतली सुमारे ६० हजार कुटुंबं घरी आणलेल्या वस्तूंचे बारकोड स्कॅन करून नोंदवत असतात. ती २००४ ते २०१६ या काळातली नोंद त्यांनी वापरली. दुकान नसलेल्या भागात सुपरमार्केट उघडल्यावर जवळचे लोक तिथे जाऊ लागले, पण पिशवीत पडणाऱ्या वस्तू जवळपास त्याच राहिल्या. आधी ते लांबच्या सुपरमार्केटातून जे आणत होते, तेच आता जवळून आणू लागले. जी कुटुंबं पौष्टिक खाणाऱ्या भागात राहायला गेली, त्यांची खरेदीही पुढच्या काही वर्षांत फारशी सुधारली नाही. शेवटी त्यांनी हिशेब मांडला: गरीब घरांना श्रीमंतांसारखीच दुकानं आणि तेच भाव मिळाले, तर दोघांच्या आहाराच्या दर्जातलं अंतर सुमारे १० टक्क्यांनीच कमी होईल. उरलेलं ९० टक्के अंतर लोक काय मागतात यातून येतं, आणि मागणीच्या मुळाशी शिक्षण, पोषणाची जाण, लहानपणापासूनच्या सवयी असतात.

म्हणजे नकाशावर चांगली दुकानं आणि चांगला आहार एकाच ठिकाणी दिसतात याचं एक साधं कारण आहे. दुकानदार खपेल तोच माल ठेवतो. पालेभाजी ज्या वाड्यावर खपत नाही, तिथे ती दोन दिवस सडलेली पाहून तिसऱ्या दिवशी कोणीही तिच्या जागी चिप्सची पेटी ठेवील. गिऱ्हाईक दुकान घडवतं आणि दुकान गिऱ्हाइकाला घडवतं. त्यातला पहिला परिणाम दुसऱ्यापेक्षा बराच मोठा निघाला.

हा निष्कर्ष जसाच्या तसा गोव्याला लावता येईल? मला शंका आहे. अमेरिकन माणूस गाडी काढून खरेदीला सरासरी आठेक किलोमीटर जातो, त्यामुळे दुकान थोडं लांब असल्याने त्याचं फारसं अडत नाही. आपल्याकडे ताजं अन्न एका दुकानात नसतंच. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत दारात येतो आणि त्याच्या पाटीत पावाबरोबर कोंडा लावलेली पोयीही असते. मासे विकणारी नुस्तेकान्न येते किंवा स्कूटरवर मासेवाला येतो. तांबडी भाजी, अळसांदे, आगशीची वांगी बाजारात खाली बसलेल्या बायकांकडे मिळतात. बेळगावहून चोर्ला घाटाने आलेली भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीच्या दरात मिळते. तांदूळ-गहू रेशनवर. पोसरो या सगळ्यात एक, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडा असणारा बहुतेक तोच.

माझ्या मते गोव्यात घड्याळाचा विचार किलोमीटरच्या आधी करायला हवा. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो, म्हणजे ऐन कामाच्या दिवशी. मासेवाली येते तेव्हा नवरा-बायको दोघं पणजीच्या कचेरीत किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात पोचलेली असतात. भाजी सकाळी ताजी असते, संध्याकाळी उरते ती कोमेजलेली. रात्री आठ वाजता बसमधून उतरलेल्या माणसाला समोर दिसतो तो पोसरो, आणि त्यात नूडल्स, अंडी, ब्रेड, फरसाण. वाळवंट जागेचं असण्यापेक्षा वेळेचं आहे. ज्या घरात सकाळी घरी असणारी सासू किंवा आजी आहे, तिथे ते जाणवतच नाही, आणि याचं श्रेय तिला कोणत्याही पाहणीत मिळत नाही.

दुकानाच्या आत काय कुठे मांडलंय, याचा परिणाम मात्र बाहेरच्या अंतरापेक्षा स्पष्ट दिसतो. इंग्लंडमधल्या एका दुकानसाखळीत प्रयोग झाला. पैसे देण्याच्या जागेजवळची चॉकलेटं हलवली आणि फळं-भाजी दारापाशी आणली. गोडाचा खप घटला, फळं-भाजीचा वाढला. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे मोठ्या दुकानांत गोड-खारट-तेलकट माल दारात आणि गल्ल्यापाशी ठेवायला कायद्याने मनाई आहे. भारतात २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत असे पदार्थ विकता येत नाहीत. मुलं मात्र बसस्टॉपवर थांबतात, आणि तो बहुधा एक्कावन्नाव्या मीटरवर असतो. फिलाडेल्फियातल्याच चौथी ते सहावीच्या मुलांची कोपऱ्यावरच्या दुकानातली खरेदी तपासणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका खेपेला साधारण एक डॉलर आणि साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. रकमेच्या मानाने हे पोट भरण्याचं स्वस्त साधन आहे, आणि मुलांना ते कुणी शिकवावं लागत नाही.

किमतीचं काय? न्यूझीलंडमध्ये आठ सुपरमार्केटांतल्या अकराशे गिऱ्हाइकांवर प्रयोग झाला. काहींना पौष्टिक मालावर १२.५ टक्के सूट दिली, काहींना आहाराची माहिती दिली, काहींना दोन्ही. सहा महिन्यांत सूट मिळालेल्यांची पौष्टिक खरेदी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. नुसत्या माहितीने काहीच हललं नाही. वर शिक्षणाचा परिणाम मोठा म्हटलं आणि इथे माहितीचा शून्य, यात विसंगती वाटेल. पण शाळेची बारा वर्षं आणि डाकेने आलेलं पत्रक यांचं वजन सारखं कसं असेल? या प्रयोगानंतर महामंडळाच्या सवलतीच्या गाड्यांकडे मी जास्त आदराने पाहतो. कांदा-टोमॅटोचे भाव चढले की त्यांच्यावर टीका होते, पण भाव खाली धरणं हा आहार बदलण्याचा सिद्ध झालेला मार्ग आहे.

नवं दुकान उघडण्यापेक्षा स्वस्त असा एक प्रयोग गोव्यात सहज करता येईल. चार बसस्टँड निवडावेत, त्यातल्या दोन ठिकाणी सवलतीच्या भाजीचा गाडा रात्री नऊपर्यंत उघडा ठेवावा, दोन ठिकाणी आहे तसाच चालू द्यावा, आणि विकलेली भाजी किलोत मोजावी. मोजणीसाठी नोव्हेंबर ते मार्च बरा. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने ताटच बदललेलं असतं, पावसात घाटात दरड कोसळली की बेळगावचा माल अडतो, आणि श्रावणात अर्धा गोवा तसाही भाजीच्या रांगेत उभा असतो.