एमएलएच-१ ‘लॉस’: जनुक बिघडलंय की गप्प बसवलंय?

मोठ्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात ‘आयएचसी’च्या, म्हणजे गाठीच्या पेशींतली प्रथिनं रंग देऊन बघण्याच्या तपासणीच्या, भागात कधी कधी एक ओळ असते: एमएलएच-१ आणि पीएमएस-२, लॉस. निफाडचं घर असो की गंगापूर रोडचं, ती वाचल्यावर पहिला प्रश्न एकच येतो, ‘मग पोरांना पण होणार का?’ कुणीतरी मोबाइलवर शोधतं, ‘लिंच सिंड्रोम’ हे आनुवंशिक आजाराचं नाव सापडतं आणि संध्याकाळपर्यंत पुण्याच्या मावसभावालाही रक्त तपासून घ्यायचा निरोप जातो. जरा थांबा. ते प्रथिन पेशीत दिसत नाही, एवढंच ती ओळ सांगते. का दिसत नाही, हे त्यात लिहिलेलंच नसतं.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणाऱ्या टोळीतली चार प्रथिनं आयएचसीत तपासतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. पीएमएस-२ला जोडीदार एमएलएच-१ नसेल तर ते टिकतच नाही. त्यामुळे ‘लॉस’ दोनदा छापलेलं असलं तरी मूळ बिघाड बहुधा एकाच ठिकाणी असतो. लोक हमखास दोन जनुकं खराब झाली असं धरून बसतात.

एमएलएच-१ गायब होण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली लिंचची. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतला मजकूरच चुकीचा असतो, तो आई किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. पुढे आतड्यातल्या एखाद्या पेशीत दुसरी, चांगली प्रतही जाते आणि तिथून गाठीची सुरुवात होते. हेन्री लिंच या अमेरिकी डॉक्टरांनी १९६६ मध्ये अशा दोन मोठ्या कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या, त्यावरून हे नाव पडलं. अशा रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के.

दुसरी वाट मिथायलेशनची. इथे जनुकातलं एकही अक्षर बदललेलं नसतं. जनुक जिथून वाचायला सुरुवात होते, त्या प्रमोटरच्या भागात सायटोसिन या अक्षरावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात. ते दाटीनं बसले की जनुक वाचलंच जात नाही आणि प्रथिन बनत नाही. पेशी दुभंगली की डीएनएमटी-१ हे एन्झाइम त्या खुणाही नव्या प्रतीवर उतरवतं, म्हणून गाठभर तीच स्थिती. पण हे त्या गाठीपुरतं घडलेलं असतं, घराण्यातून आलेलं नसतं.

द्राक्षवाल्यांना सातबाऱ्यावरून पटकन कळेल. लिंचमध्ये गट नंबरच चुकीचा लागलाय आणि वारसनोंदीबरोबर तो पुढे जातोय. मिथायलेशनमध्ये उतारा बरोबर आहे, पण इतर हक्कांत बँकेचा बोजा चढलाय, त्यामुळे व्यवहार ठप्प.

मायक्रोस्कोपखाली मात्र दोन्ही सारखेच दिसतात. गाठीच्या पेशींची केंद्रकं फिकट निळसर, आणि त्यांच्यामध्येच पसरलेल्या लिम्फोसाइट्सची, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशींची, केंद्रकं छान तपकिरी. तपकिरी म्हणजे प्रथिन आहे. लिंचच्या रुग्णातही निरोगी पेशींत एक चांगली प्रत शिल्लक असते, म्हणून तिथेही रंग चढतो. नुसती काच बघून फरक सांगता येत नाही.

मग करायचं काय? गाठीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याच ब्लॉकवर बीआरएएफ या दुसऱ्या जनुकातला ‘व्ही-६००-ई’ हा बदल तपासायचा. तो सापडला तर लिंच जवळजवळ बाद. नाही सापडला म्हणजे लिंच आहेच असं नाही. अशा वेळी एमएलएच-१ प्रमोटरचं मिथायलेशन तपासायचं. तेही नसेल तर समुपदेशन करून रुग्णाचं रक्त तपासायचं. आणि आधी रुग्णाचं, मग नातेवाइकांचं. माझ्या मते हा क्रम उलटा केला की पैसा आणि झोप दोन्ही जातात. रिपोर्टात एमएसएच-२ गेलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थेट रक्ताकडे वळतात.

तपासणीसाठी ब्लॉक मुंबईला न्यायचा असेल तर पंचवटी एक्स्प्रेसनं जा नाहीतर गाडीनं, पण एप्रिल-मेमध्ये तो डॅशबोर्डवर ठेवू नका. शेवटी ते मेण आहे.

पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या १०० कॅन्सरपैकी साधारण १५ मध्ये हा दुरुस्तीचा बिघाड सापडतो. त्यातले बहुतेक मिथायलेशनचे आणि लिंचचे तीनेक. मिथायलेशनवाले रुग्ण सहसा वयस्क, त्यात बायका जास्त, आणि गाठ बहुधा उजव्या बाजूला. आपल्याकडे तरुण रुग्ण तुलनेनं जास्त दिसतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

उपचारात फरक फार नाही. आजार पसरलेला असेल तर पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध दोन्ही प्रकारांत चालतं. ‘बोजा उतरवणारी’, म्हणजे मिथायलेशन कमी करणारी, अझासिटिडीन, डेसिटाबिन ही औषधं आहेत, पण ती रक्ताच्या आजारांत वापरतात. आतड्याच्या गाठीवर तो नेहमीचा उपचार नाही. खरा फरक कुटुंबाला पडतो. लिंच ठरलं तर दोष मिळालेल्या मुलांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी, आणि मुलींच्या गर्भाशयावरही लक्ष. मिथायलेशन ठरलं तर एवढं नाही. तरी सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर झालाय हे डॉक्टरांना सांगायचंच.

आता अपवाद. एमएसएच-२च्या शेजारच्या ईपीसीएएम या जनुकाचा शेवटचा तुकडा गळाला तर एमएसएच-२च्या प्रमोटरवर मिथायलेशन चढतं, म्हणजे कारण आनुवंशिक आणि परिणाम मिथायलेशनचा! शिवाय क्वचित एमएलएच-१चं मिथायलेशन गाठीपुरतं न राहता जन्मापासून रक्तातही असतं. म्हणून रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर गाठीत मिथायलेशन सापडलं तरी फाइल बंद करू नये; रक्तातलं मिथायलेशनही तपासायला सांगावं.